वायफाय सारखं तुटतंय? लिनक्स लॅपटॉपमधला वायरलेस ड्रायव्हर वठणीवर आणताना

लॅपटॉप सुरू केला की वायफाय लगेच जोडलं जातं, दहा-पंधरा मिनिटं सुरळीत चालतं आणि मग एकही पान उघडेनासं होतं. कोपऱ्यातलं चिन्ह मात्र सगळ्या पट्ट्या भरलेल्या दाखवत असतं. वायफाय बंद करून चालू केलं की पुन्हा दहा मिनिटांची सोय. अशा वेळी सापडेल ती कमांड टर्मिनलमध्ये चिकटवायचा मोह होतो. एकीने भागलं नाही की दुसरी, मग तिसरी, आणि संध्याकाळपर्यंत मूळ दोषात आणखी चार दोषांची भर पडते. म्हणून सुरुवातीलाच एक पथ्य पाळा: एका वेळी एकच बदल करायचा, तो तासभर वापरून बघायचा, गुण आला नाही तर मागे घ्यायचा. काय बदललं ते एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं.

खाली कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान. ‘एलएसपीसीआय’ म्हणजे एल, एस, पी, सी, आय ही पाच अक्षरं सलग. ‘मॉडप्रोब’ म्हणजे एम, ओ, डी, पी, आर, ओ, बी, ई.

दोष ड्रायव्हरचाच आहे का?

आधी राउटरचा पत्ता शोधा. ‘आयपी रूट’ ही कमांड दिली की पहिल्या ओळीत ‘डिफॉल्ट व्हाया’ या शब्दांपुढे तो दिसतो. आता दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडा. एकात त्या पत्त्याला पिंग (समोरून उत्तर येतं का आणि किती वेळात, ते मोजणारी कमांड) लावा, दुसऱ्यात ८.८.८.८ ला, आणि वायफाय अडकेपर्यंत दोन्ही चालू ठेवा.

अडकल्यावर राउटरचं पिंग दोन-चार मिलिसेकंदांत येत असेल आणि बाहेरचं थांबलं असेल, तर लॅपटॉपकडे बघायचं कारणच नाही. खोट राउटरच्या पलीकडे आहे. दोन्ही पिंग चालू असून पानं तेवढी उघडत नसतील तर तो डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा, प्रश्न. पण राउटरचंच पिंग गायब होत असेल किंवा ३ मिलिसेकंदांवरून ८०० वर उड्या मारत असेल, तर मात्र वायरलेस कार्ड, ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) किंवा सिग्नल यांपैकी कोणीतरी दगा देतंय.

त्यातला सिग्नल लगेच तपासून होतो. ‘आयडब्ल्यू डेव्ह’ ने तुमच्या वायरलेस इंटरफेसचं नाव कळेल, बहुतेक वेळा डब्ल्यूएलपी२एस० सारखं काहीतरी. मग:

आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० लिंक

‘सिग्नल’ या ओळीत -५० डीबीएमच्या आसपास आकडा असेल तर उत्तम. -७५ च्या खाली गेला तर जोडणी तुटू शकते, ड्रायव्हर कितीही चांगला असो. मात्र राउटरपासून हातभर अंतरावर बसूनही -८० दिसत असेल तर तो आकडा लक्षात ठेवा. त्याचं कारण वेगळं असतं, ते पुढे येईल.

कार्डाची ओळख

लॅपटॉपच्या खोक्यावर काय छापलंय त्याला अर्थ नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं बसवलेली असतात. खरी ओळख इथे मिळते:

एलएसपीसीआय -एनएनके

‘नेटवर्क कंट्रोलर’ असं लिहिलेला परिच्छेद शोधा. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन भागांचा ओळखक्रमांक असतो. पहिला भाग कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अ‍ॅथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. दुसरा भाग नेमक्या चिपचा. ८०८६:२७२३ दिसलं तर ते इंटेलचं एएक्स२००. १०ईसी:सी८२१ म्हणजे रिअलटेकचं ८८२१सीई. मदत शोधताना हाच क्रमांक वापरा, लॅपटॉपचं नाव नको. निम्मी चुकीची उत्तरं तिथेच गळून पडतात.

त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का बघा. ती असेल तर ड्रायव्हर कार्डाला चिकटला आहे. ती नसून फक्त ‘कर्नल मॉड्यूल्स’ असेल तर ड्रायव्हर आहे, पण सुरू होताना अडखळतोय; फर्मवेअरकडे वळा. दोन्ही ओळी नसतील तर तुमचं कर्नल (लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर यातच असतात) त्या कार्डापेक्षा जुनं असण्याची दाट शक्यता. ‘यूनेम -आर’ ने कर्नलची आवृत्ती कळते. इंटेल एएक्स२०० ला कर्नल ५.१ पासून आधार आहे, एएक्स२१० ला ५.१० पासून, मीडियाटेक एमटी७९२१ ला ५.१२ पासून, आणि रिअलटेकच्या आरटीडब्ल्यू८९ घराण्याला ५.१६ पासून.

कर्नल बदलण्याआधी एक सोपी चाचणी जरूर करा. एखाद्या डिस्ट्रोची (उबुंटू, फेडोरासारख्या लिनक्सच्या प्रकाराची) ताजी आवृत्ती पेनड्राइव्हवर उतरवा आणि काहीही इन्स्टॉल न करता त्यावरून लॅपटॉप सुरू करून तासभर वायफाय वापरा. तिथे सगळं नीट चाललं तर कार्ड धडधाकट आहे, फक्त तुमचं कर्नल किंवा फर्मवेअर मागे पडलंय. तिथेही तोच खेळ झाला तर सेटिंग किंवा हार्डवेअर. या एका तासात पुढचे दोन दिवस वाचतात.

कार्ड यादीतच नसेल तर ‘एलएसयूएसबी’ करून बघा, काही कार्डं आतून यूएसबीला जोडलेली असतात. यूएसबी डोंगल ०बीडीए:१ए२बी अशा क्रमांकाने दिसत असेल, तर तो स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतोय. ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज टाकलं की तो खऱ्या रूपात येतो.

कार्ड दिसतंय, ड्रायव्हरही आहे, पण वायफाय चालूच होत नाही? मग ‘आरएफकिल लिस्ट’. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ पुरेसं आहे. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असेल तर आधी लॅपटॉपची कळ किंवा बायोसमधली सेटिंग बघा. काही लॅपटॉपमध्ये अशी कळ नसतेच, तरी कर्नलमधलं आयडियापॅड_लॅपटॉप किंवा एसर_डब्ल्यूएमआय हे मॉड्यूल खोटाच अडसर दाखवतं. ते ब्लॅकलिस्ट केल्यावर, म्हणजे आपोआप सुरू होऊ न दिल्यावर, वायफाय मोकळं होतं, पण कीबोर्डवरच्या एखाद-दोन खास कळा बंद पडू शकतात.

फर्मवेअर: भीतीदायक ओळी आणि खऱ्या चुका

वायरलेस कार्डाच्या आत स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. त्याचा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, ड्रायव्हर प्रत्येक वेळी /लिब/फर्मवेअर या फोल्डरमधून उचलून कार्डात भरतो. फाइल नसेल तर कार्ड मुकं, जुनी किंवा सदोष असेल तर ते चालता चालता कोसळतं.

सुडो डीमेसेज | ग्रेप -आय फर्मवेअर

(सुडो म्हणजे पुढची कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं; डीमेसेज म्हणजे डी, एम, ई, एस, जी.) इथे इंटेलच्या कार्डावर ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड ... फेल्ड विथ एरर -२’ अशा तीन-चार ओळी दिसल्या की लोक घाबरतात. -२ चा अर्थ एवढाच की त्या नावाची फाइल सापडली नाही. इंटेलचा ड्रायव्हर आधी सर्वात नव्या क्रमांकाची फाइल मागतो, नाही मिळाली तर एकेक पायरी खाली उतरतो. शेवटी ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ ही ओळ आली असेल तर वरच्या तक्रारी खुशाल सोडून द्या. ती ओळ नसेल तरच काम आहे.

उबुंटू, फेडोरा आणि आर्चमध्ये पॅकेजचं नाव लिनक्स-फर्मवेअर. फेडोरात काही कंपन्यांची फर्मवेअरं वेगळ्या पॅकेजांतही असतात. डेबियनमध्ये आवृत्ती १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे. जुन्या आवृत्तीवरून वर आलेल्या यंत्रांत तो यादीत जोडलेला नसतो आणि फर्मवेअर गुपचूप जुनंच राहतं. /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट मध्ये तो घाला, मग फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, फर्मवेअर-रिअलटेक किंवा फर्मवेअर-अ‍ॅथेरॉस यांतलं लागेल ते घ्या. नवं फर्मवेअर भरल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद करून सुरू करा.

तुटण्याचा क्षण पकडा

सगळ्यात जास्त माहिती मिळते ती जोडणी तुटते त्या क्षणी. एका टर्मिनलमध्ये ‘सुडो जर्नलसीटीएल -के -एफ’ आणि दुसऱ्यात ‘आयडब्ल्यू इव्हेंट -टी’ लावून नेहमीचं काम करत राहा. तुटलं की वेळ बघा आणि त्या सेकंदाच्या ओळी वाचा. लॅपटॉप गोठून बंदच करावा लागला असेल तर पुढच्या खेपेला ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ ने आधीच्या बूटची नोंद मिळते.

‘डीऑथेंटिकेटिंग ... बाय लोकल चॉइस, रीझन ३’ असं असेल तर तुमच्याच यंत्राने हात सोडला. कारण ड्रायव्हरच्या वर, जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरमध्ये शोधा. एकाच वेळी नेटवर्कमॅनेजर आणि डीएचसीपीसीडी, किंवा डब्ल्यूपीए_सप्लिकंट आणि आयडब्ल्यूडी असे दोघे कारभारी एकाच कार्डावर बसलेत का ते ‘सिस्टमसीटीएल’ ने बघा, आणि एकाला घरी पाठवा. ‘रीझन १५’ म्हणजे चार टप्प्यांच्या हस्तांदोलनाची वेळ टळली: पासवर्ड, डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीची जुनीशी सरमिसळ किंवा कमकुवत सिग्नल. ‘मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर डिटेक्टेड’ म्हणजे इंटेलचं फर्मवेअर कोसळलं. रिअलटेकच्या आरटीडब्ल्यू८८ वर ‘फेल्ड टू गेट टीएक्स रिपोर्ट फ्रॉम फर्मवेअर’ ही ओळ पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा अ‍ॅथेरॉसवर ‘फेल्ड टू वेक’ सारखं काही दिसत असेल, तर पहिला संशय वीजबचतीवर.

वीजबचत, बहुतेक तक्रारींचं मूळ

बॅटरी वाचावी म्हणून कार्ड क्षणभर डुलकी घेतं आणि राउटरच्या ठरावीक इशाऱ्यावर जागं होतं. डुलकीतून वेळेवर जाग आली नाही की राउटर वाट बघून कंटाळतो, पॅकेट गळतात, पिंग उड्या मारतं. कोपऱ्यातल्या पट्ट्या भरलेल्याच दिसतात, कारण सिग्नल उत्तम असतो, फक्त ऐकणारा झोपलेला. सुरुवातीला वर्णन केलेली तक्रार बहुतेक वेळा हीच असते.

आधी तात्पुरतं बंद करून बघा:

सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० सेट पॉवर_सेव्ह ऑफ

राउटरचं पिंग चालू ठेवूनच ही कमांड द्या. आकडे १५०, ४०, ३१० असे नाचत असतील आणि कमांडनंतर लगेच २, ३, २ असे शांत झाले, तर गुन्हेगार सापडला. हा बदल रीस्टार्टनंतर टिकत नाही. कायमचा करायचा तर /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी/ मध्ये (इथे नेटवर्कमॅनेजरमधलं एन आणि एम मोठं) झेडझेड-वायफाय.कॉन्फ नावाची फाइल करून दोन ओळी लिहा:

[कनेक्शन]
वायफाय.पॉवरसेव्ह = २

२ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. नाव झेडझेडने सुरू करण्याचं कारण असं की या फाइली वर्णक्रमाने वाचल्या जातात आणि शेवटी वाचलेली जिंकते. उबुंटूमध्ये आधीच ३ लिहिलेली एक फाइल बसलेली असते. मग नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करा.

एवढ्याने भागलं नाही तर ड्रायव्हरच्या स्वतःच्या सेटिंग. ‘मॉडइन्फो -पी’ पुढे मॉड्यूलचं नाव दिलं की त्याला कोणती सेटिंग कळतात ते दिसतं. हे आधी बघाच, कारण नाव चुकलं तर कर्नल ‘अननोन पॅरामीटर, इग्नोअर्ड’ एवढं नोंदवून पुढे जातं आणि आपण बदल केल्याच्या समजुतीत राहतो. /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये .कॉन्फ ने संपणारी फाइल करून, कार्डाप्रमाणे:

ऑप्शन्स आयडब्ल्यूएलवायफाय पॉवर_सेव्ह=०
ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एफडब्ल्यूएलपीएस=० आयपीएस=०
ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_कोअर डिसेबल_एलपीएस_डीप=वाय
ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=वाय

पहिली ओळ इंटेलसाठी, दुसरी रिअलटेक ८७२३बीईसाठी, शेवटच्या दोन आरटीडब्ल्यू८८ घराण्यासाठी. आपल्या कार्डाचीच तेवढी लिहा. रीस्टार्टनंतर /सिस/मॉड्यूल/ खाली त्या मॉड्यूलच्या ‘पॅरामीटर्स’ फोल्डरमध्ये जाऊन ‘कॅट’ ने खरी किंमत वाचा. बदललेली दिसली नाही तर डेबियन-उबुंटूवर ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, फेडोरावर ‘सुडो ड्रॅकट -एफ’ करून पुन्हा बघा.

एएसपीएम ही झोप निराळी. ती कार्डाची नसून मदरबोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या पीसीआय एक्स्प्रेस वाटेची. नोंदीत ‘पीसीआयई बस एरर, सिव्हिरिटी=करेक्टेड’ अशा ओळींचा पाऊस पडत असेल तर संशय तिथे घ्या. ड्रायव्हरला स्वतःचं सेटिंग असेल तर तेच वापरा. ते नसेल तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये कर्नलच्या ओळीत ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ घालून डेबियन-उबुंटूवर ‘सुडो अपडेट-ग्रब’. हा सरसकट उपाय आहे, सगळ्याच उपकरणांची वीजबचत जाते आणि बॅटरी लवकर उतरते. म्हणून तो शेवटी.

इंटेलच्या जुन्या कार्डांसाठी ‘११एन_डिसेबल=१’ हा सल्ला फार फिरतो. त्याने जोडणी टिकते हे खरं, पण वेग ५४ मेगाबिटच्या जुन्या मर्यादेत अडकतो. निदानापुरतं वापरा आणि काढून टाका. त्याऐवजी ८ ही किंमत दिली तर ११एन चालूच राहतं, फक्त पाठवायची पॅकेट एकत्र बांधण्याची पद्धत सुरू होते. काही जुन्या कार्डांवर तेवढ्याने वेग सुधारतो.

हातभर अंतरावर -८० दिसण्याचं कारण

रिअलटेक ८७२३बीई असलेल्या काही लॅपटॉपमध्ये कार्डाला अँटेनाच्या दोन जागा असतात, पण तार एकीलाच जोडलेली असते, आणि ड्रायव्हर नेमकी रिकामी जागा निवडतो. वर सांगितलेल्याच फाइलमध्ये ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई’ या ओळीत ‘एएनटी_सेल=२’ लिहा, फरक पडला नाही तर १. एका आकड्याने सिग्नल -८० वरून -४५ वर येतो. इतर कार्डांवर असं दिसलं तर अँटेनाची तार निसटली आहे का ते उघडून बघावं लागतं.

बाहेरून आणलेला ड्रायव्हर

कर्नलमधला ड्रायव्हर चालत असेल तर बाहेरचा आणू नका. नव्या कर्नलमध्ये त्याच कार्डासाठी सोय झालेली असते आणि जुना डीकेएमएस (प्रत्येक नव्या कर्नलसाठी बाहेरचा ड्रायव्हर पुन्हा बांधणारी सोय) ड्रायव्हर मागे राहून दोघे एकाच कार्डावर हक्क सांगतात. रिअलटेक ८८२१सीईचं हेच होतं: कर्नल ५.९ पासून त्याला आतूनच आधार आहे, तरी जुन्या सवयीने बाहेरचा टाकला जातो. ‘डीकेएमएस स्टेटस’ ने असा कोणी उरलाय का बघा आणि काढून टाका.

काही ब्रॉडकॉम चिपना, उदाहरणार्थ १४ई४:४३ए० आणि १४ई४:४३६५, डब्ल्यूएल नावाचा बाहेरचा ड्रायव्हरच लागतो. मग बी४३, एसएसबी, बीसीएमए आणि बीआरसीएमएसमॅक ही मॉड्यूल ब्लॅकलिस्ट झाली आहेत याची खात्री करा.

कर्नल अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवशी वायफाय गायब, ही डीकेएमएसची नेहमीची तक्रार. नव्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) बसलेले नसतात, त्यामुळे मॉड्यूल बांधलंच जात नाही. उबुंटूवर लिनक्स-हेडर्स-जेनेरिक आणि डेबियनवर लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ ही पॅकेजं ठेवली की हेडर्स कर्नलबरोबर येत राहतात. तोवर बूट मेनूतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधून जुन्या कर्नलवर जाता येतं. मॉड्यूल बांधलं गेलं पण ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ म्हणत नाकारलं गेलं, तर सिक्युअर बूट (मान्य सही नसलेलं मॉड्यूल रोखणारी सोय) आडवं आलंय. ‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’ ने खात्री करा. पॅकेज टाकताना विचारलेला पासवर्ड पुढच्या बूटला येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘एनरोल मोक’ निवडून द्यायचा असतो. तो पडदा थोडाच वेळ थांबतो आणि घाईत निसटतो.

झाकण मिटून उघडल्यावर

झोपेतून उठल्यावर कार्ड सापडत नसेल तर मॉड्यूल काढून पुन्हा बसवा. इंटेलसाठी:

सुडो मॉडप्रोब -आर आयडब्ल्यूएलएमव्हीएम आयडब्ल्यूएलवायफाय
सुडो मॉडप्रोब आयडब्ल्यूएलवायफाय

काही कार्डांत मधलं मॉड्यूल वेगळ्या नावाचं असतं. ‘एलएसमॉड’ मध्ये बघून तेच नाव द्या. याने काम होत असेल तर /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-स्लीप/ मध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवून तिला चालवायची परवानगी द्या. तिला पहिला शब्द ‘प्री’ मिळाला की मॉड्यूल काढायचं, ‘पोस्ट’ मिळाला की बसवायचं.

विंडोजही त्याच लॅपटॉपवर असेल तर त्याचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते विंडोज पूर्ण बंद होऊ देत नाही, कार्ड अर्धवट अवस्थेत राहतं आणि लिनक्स सुरू होताना ‘प्रोब फेल्ड, एरर -११०’ येतं. -११० म्हणजे कार्डाने वेळेत उत्तरच दिलं नाही. अशा वेळी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पॉवरची कळ अर्धा मिनिट दाबून धरा.

राहिलेल्या दोन गोष्टी

फोनला ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतं आणि लॅपटॉपला नाही, तर ‘आयडब्ल्यू रेग गेट’ बघा. देश ‘००’ असेल तर बरेच चॅनल बंद असतात. ‘सुडो आयडब्ल्यू रेग सेट’ पुढे आपल्या देशाची दोन मोठी अक्षरं द्या. इंटेलची बरीच कार्डं देश स्वतःच ठरवतात आणि ही कमांड मानत नाहीत. तिथे राउटरचाच चॅनल ३६ ते ४८ मध्ये आणणं सोपं.

ब्लूटूथ हेडफोन लावला की वायफाय मंदावतं, कारण दोघं २.४ गिगाहर्ट्झवर आणि बहुतेक कार्डांत एकाच अँटेनावर भागीदारी करतात. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावल्यावरही असाच त्रास होऊ शकतो, तिची केबल अँटेनापासून लांब ठेवून बघा.

कार्डच बदलायचं ठरलं तर

सुट्या कार्डांचा आकार बहुतेक एम.२ २२३० असतो. काही लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डावरच डाखलेलं असतं, म्हणून आधी उघडून बघा. इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही सीएनव्हीआयओ जातीची आहेत आणि ठरावीक इंटेल प्रोसेसरांबरोबरच चालतात. एएमडीच्या लॅपटॉपसाठी एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. काही जुन्या लॅपटॉपचं बायोस ओळखीच्या यादीबाहेरचं कार्ड स्वीकारत नाही, ते खरेदीआधी तपासा.

अँटेनाचे दोन जोड मसुराच्या दाण्याएवढेही नसतात. जोड सॉकेटच्या बरोबर वर, सरळ ठेवा आणि बोटाच्या टोकाने खाली दाबा. बारीकसा टक् आवाज आला की बसला. तिरका दाबला तर कडा वाकते आणि मग तो कधीच घट्ट बसत नाही. काढताना तारेला ओढायचं नाही, जोडाच्या कडेखाली प्लास्टिकची पट्टी सरकवून उचलायचं.

नवं कार्ड बसल्यावर पुन्हा ‘एलएसपीसीआय -एनएनके’ करून ड्रायव्हर चिकटला का बघा, आणि जुन्या कार्डासाठी /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ व ग्रबमध्ये लिहिलेल्या ओळी काढून टाका. सुरुवातीला लिहून ठेवलेली फाइल इथे कामी येते.